आई, लिस्बन आणि गोव्याहून गेलेला गेंडा

चवथीला घरी फोंड्याला आलेय आणि जो भेटतो तो विचारतो, आईला लिस्बनमध्ये काय काय दाखवलंस. आई प्रत्येकाला वेगळंच सांगते, शेजारच्या काकींना तर तिने फक्त तिथल्या मासळीचे भाव सांगितले, म्हणून आता एकदाच सगळं लिहून टाकते.

आधी एक सांगते, यूट्यूबवरचे ते 'एका दिवसात दहा पॉइंट'वाले प्लॅन विसरा. लिस्बन म्हणजे नुसती चढउतार, त्यात फूटपाथवर पांढरे चुनखडीचे आणि काळे बसाल्टचे बारीक दगड बसवून नक्षी केलेली असते, दिसायला एक नंबर, पण पाऊस पडून गेला की शेवाळ धरलेल्या विहिरीच्या पायऱ्या बऱ्या. आईचे गुडघे लक्षात घेऊन मी सकाळी एकच जागा ठेवली आणि बाकी वेळ नुसतं बसायचं, बागेत, कॅफेत, जिथे बाक मिळेल तिथे. अठ्ठावीस नंबरची ती पिवळी ट्राम सगळ्यांना हवी असते, पण ती सुटते त्या मार्तिम मोनिझला मरणाची लाईन, आत उभं राहायला जागा नाही आणि पाकीटमार वेगळे. आम्ही सकाळी लवकर उलट्या टोकाला, काम्पु द ओरिकला जाऊन बसलो, आईला खिडकी मिळाली.

नदीकाठच्या बेलें भागात गेलो तो गुरुवार होता. जेरोनिमुश मठ बघून माणसं आ वासतात, आणि आहेच तसा, दगडात दोरखंड कोरलेत, पोवळी कोरलीत, खांब वर जाऊन झाडासारखे फुटतात. आईने सगळं बघितलं, मग बाकावर बसली आणि विचारलं, "हें कोणाच्या पयशांनी बांदलां गो?" आता ह्याचं उत्तर खरंच आहे. राजा मानुएलच्या काळात, १५०१ च्या सुमाराला काम सुरू झालं आणि आफ्रिका नि पूर्वेकडून येणाऱ्या मालावर जो पाच टक्के कर होता तो ह्या बांधकामाला लावला, म्हणजे मिरी, दालचिनी वगैरे. आई म्हणाली, तरीच. बस्स, एवढंच, पण त्यानंतर ती तिथे पाहुण्यासारखी वागलीच नाही, घराचा हिशोब तपासायला आल्यासारखी फिरली. दाराजवळच वास्को द गामाची समाधी आहे (माणूस वारला १५२४ ला कोचीत, अस्थी नंतर तिकडे नेल्या), सगळे फोटो काढत होते, आई म्हणाली जुन्या गोव्यात कमानीवर पुतळा आहे तो हाच ना, आणि पुढे गेली. तिला आवडले ते वेदीजवळचे हत्ती, राजाराणीच्या शवपेट्या संगमरवरी हत्तींच्या पाठीवर ठेवल्यात ते.

नदीकाठी दर्यावर्दींचं ते भलंमोठं स्मारक आहे, जहाजासारखं, त्यावर ओळीने माणसं. त्यात सेंट फ्रान्सिस झेवियर पण आहे, आपल्याकडे ज्याला गोंयचो सायब म्हणतात तो. आई ओरडलीच, "सायब हांगाय आयला?" मला ते स्मारक मुळीच आवडत नाही, फार छाती फुगवलेलं वाटतं. आत्ता उभं आहे ते १९६० चं, म्हणजे पुढच्याच वर्षी डिसेंबरात गोवा पोर्तुगीजांपासून सुटला, हे आईनेच हिशोब करून सांगितलं.

पण खरी मजा बेलेंच्या बुरुजाला. आतली लाईन बघून आम्ही आत गेलोच नाही, बाहेरूनच गेंडा शोधला. एका कोपऱ्यावरच्या पहारेकऱ्याच्या चौकीखाली दगडी डोकं आहे, वाऱ्यापावसाने झिजलंय, नाकडोळे धड ओळखू येत नाहीत, कोणी दाखवल्याशिवाय लक्षच जात नाही. त्या बुरुजाचं काम चालू असताना, १५१५ ला, गुजरातच्या सुलतानाने गोव्याचा पोर्तुगीज गव्हर्नर आल्बुकेर्कला भेट दिलेला जिवंत गेंडा त्याने गोव्याहून जहाजात चढवून राजाला पाठवला. जानेवारीत निघाला तो आफ्रिकेला वळसा घालून मे महिन्यात लिस्बनला. रोमनांच्या काळानंतर युरोपात असलं जनावर आलंच नव्हतं! राजाने त्याची हत्तीशी झुंज लावली तर हत्तीच पळाला. मग बिचाऱ्याला पोपला भेट म्हणून परत जहाजात घातला आणि इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज बुडालं. तिकडे जर्मनीत चित्रकार ड्यूररने तो न बघताच, आलेल्या पत्रावरून नि स्केचवरून चित्र काढलं आणि पाठीवर एक जादा शिंग चिकटवलं, ते चित्र जगभर गेलं. आईने सगळं ऐकून विचारलं, एवढे महिने त्याला जहाजात खायला काय घालत होते? आम्ही तिथे भिंतीवर बसून ह्यावरच अर्धा तास बोललो.

१८३७ पासून चालू असलेल्या त्या बेलेंच्या प्रसिद्ध दुकानातले पाश्तेल, म्हणजे अंड्याच्या कस्टर्डचे छोटे टार्ट, पण घेतले, पण आईचा गुरुवार, अंडं चालत नाही आणि त्यात तर नुसते पिवळे बलक, म्हणून पार्सल. शुक्रवारी खाऊन म्हणाली बरं आहे, पण गरम असतं तर अजून बरं लागलं असतं. गुरुवार कोणाचा होता, माझा?

कार्मोला छप्पर नसलेलं चर्च बघितलं, १ नोव्हेंबर १७५५ च्या भूकंपात पडलं ते तसंच ठेवलंय. नुसत्या कमानी आणि वर आभाळ. आईला लगेच जुन्या गोव्यातला सांत आगुस्तीनचा टॉवर आठवला, पण मी म्हटलं अगं तो भूकंपाने नाही पडला, १८३५ ला मठातल्या लोकांना घालवल्यावर कोणी बघायलाच उरलं नाही म्हणून पडत गेला. "मग ह्यांचं बरं, निदान भूकंपाचं नाव सांगता येतं," आई म्हणाली.

पोर्तोला ट्रेनने जाऊन आलो, तिथलं सांव बेंतु स्टेशन निळ्या फरशांसाठी चुकवू नका, जवळजवळ वीस हजार फरशा आहेत, फुकट आहे, न चढता बघता येतं.

पुढच्या वर्षी काका-काकी यायचं म्हणतायत, त्यांना सिंत्रा बघायचंय. तिथल्या चढणी माहीत आहेत म्हणून मी आधी गुडघ्यांचे एक्सरे व्हॉट्सॲपवर मागवलेत.