आमची वाटचाल : ‘डाउनलोड (२)’ ते नावानिशी फाइल

बिलं, पावत्या, अहवाल ब्राउझरमधून उतरवून देणारी सॉफ्टवेअरं आम्ही बनवतो. सुरुवातीला फाइलीचं नाव आम्ही ब्राउझरच्या मर्जीवर सोडलं होतं. ब्राउझर पत्त्याचा शेवटचा तुकडा उचलतो, आणि ग्राहकाच्या फोल्डरमध्ये ‘डाउनलोड’, ‘डाउनलोड (१)’, ‘डाउनलोड (२)’ अशी रांग लागते. कोणतं बिल कुणाचं, हे उघडल्याशिवाय कळत नाही.

मग लिंकला ‘डाउनलोड’ ॲट्रिब्यूट (एचटीएमएलमधला गुणधर्म) लावून त्यात नाव लिहू लागलो. फाइल त्याच ओरिजिनवरून (पान ज्या वेबसाइटच्या पत्त्यावरून आलं तिथूनच) येते तोवर हे ठीक चालतं. स्टोरेज वेगळ्या डोमेनवर नेलं की ब्राउझर त्या नावाला जुमानत नाही. पीडीएफ तर बरेचदा टॅबमध्येच उघडते. शिवाय सर्व्हरने हेडरमधून (फाइलीसोबत ब्राउझरला जाणाऱ्या सूचनेतून) दुसरं नाव पाठवलं, तर हेडरचंच खरं. तेव्हापासून नाव सर्व्हरवरच ठरतं.

हेडर ‘कंटेंट-डिस्पोझिशन’. त्यात आधी ‘अटॅचमेंट’, मग अर्धविराम, मग ‘फाइलनेम’ आणि दुहेरी अवतरणात नाव. अवतरणं राहिली तर काही ब्राउझर पहिल्या स्पेसपाशी नाव तोडतात, आणि पुढचं ‘डॉट पीडीएफ’ही जातं.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो देवनागरी नावांनी. साध्या ‘फाइलनेम’मध्ये ती भरवशाची नाहीत. त्यासाठी तारांकनवालं ‘फाइलनेम*’ आहे; २०११ च्या आरएफसी ६२६६ या इंटरनेट-मानकाच्या दस्तऐवजात ते दिलंय. त्यात ‘यूटीएफ-८’ (अक्षरं बाइटमध्ये लिहिण्याची पद्धत), लगेच दोन एकेरी अवतरणं (त्यांच्यामधली जागा भाषेची, ती रिकामी सोडतात), मग पर्सेंट-एन्कोड केलेलं नाव (देवनागरीचा प्रत्येक बाइट टक्क्याचं चिन्ह आणि दोन अक्षरं असा लिहितात). इथे दुहेरी अवतरण नको! आम्ही दोन्ही पाठवतो : आधी रोमन नाव, मागून तारांकित. ज्याला दुसरं कळतं तो ते घेतो.

‘पावती’ शब्द पाहा. प, काना, व, त, दीर्घ वेलांटी : पाच चिन्हं, प्रत्येकी ३ बाइट, म्हणजे १५. एन्कोड केल्यावर ४५ अक्षरं. लिनक्सवर नावाची मर्यादा सहसा २५५ बाइटची, म्हणजे देवनागरीची जेमतेम ८५ चिन्हं, तीही एक्स्टेन्शन धरून. आम्ही ६० वर कापतो, पण जोडाक्षराच्या मधोमध नाही.

एन्कोडिंगचं फंक्शनही बघून घ्या. पीएचपीचं साधं ‘यूआरएलएन्कोड’ स्पेसचं अधिकचिन्ह करतं आणि ते तसंच नावात उतरतं, ‘रॉयूआरएलएन्कोड’ वापरा. जावास्क्रिप्टचं ‘एन्कोडयूआरआयकंपोनंट’ एकेरी अवतरण, कंस आणि तारांकन तसंच सोडतं. ती वेगळी बदलावी लागतात.

बिल क्रमांकातली तिरपी रेघ, विंडोजला न चालणारं अपूर्णविराम किंवा प्रश्नचिन्ह, यांच्या जागी आम्ही डॅश घालतो. नवी ओळ मात्र काढूनच टाकतो, कारण तिच्या आडून कुणी स्वतःचं हेडर घुसवू शकतं.

फाइल ‘फेच’ने (जावास्क्रिप्टच्या विनंती पाठवणाऱ्या फंक्शनने) दुसऱ्या ओरिजिनवरून आणत असाल तर सर्व्हरच्या ‘ॲक्सेस-कंट्रोल-एक्स्पोज-हेडर्स’ या हेडरमध्ये ‘कंटेंट-डिस्पोझिशन’ लिहा. नाहीतर ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समधल्या नेटवर्क टॅबमध्ये नाव डोळ्यांसमोर असतं आणि कोडच्या हाती ‘नल’, म्हणजे काहीच नाही, येतं.