लिंबाला ताण

३ डिसेंबर, इंदूर

आज लिंबाचं पाणी तोडलं. शेजारच्या काकांनी सांगितलं म्हणून. काकांचा सगळा जन्म फळबागांत गेला. आता निवृत्त आहेत आणि त्यांच्या ओटल्यावरून आमच्या अंगणावर त्यांचं लक्ष असतं.

झाड सात वर्षांचं झालं. आईनं नगरहून पाठवलेल्या लिंबांच्या बिया मी कुंडीत टाकल्या होत्या. त्यातलं एक रोप जगलं आणि सुदामानगरच्या या घरापुढच्या तुकड्यात रुजलं. पानं दाट, काटे बोटभर, पण फूल नाही. बियांचं झाड पाच-सहा वर्षं घेतं हे ठाऊक होतं, पण आता सातवंही गेलं.

रविवारी ह्यांनी विषय काढला. हे झाड काढलं तर गाडी आत लागेल. म्हणणं चूक नाही, गल्लीत गाडी लावायची म्हणजे रोजची कटकट आहे. मी एवढंच म्हणाले, "एवढं वर्ष राहू द्या." आणि म्हटल्याबरोबर थबकले. हे शब्द माझे नव्हते. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात, तेराव्या अध्यायातल्या येशूच्या गोष्टीतला माळी असंच म्हणतो. मालक तीन वर्षं अंजिरावर फळ शोधतोय, मिळत नाही, तोडून टाक म्हणतो. जागा तरी कशाला अडवायची? माळी म्हणतो, महाराज, एवढं वर्ष राहू द्या, मी भोवती खणतो, खत घालतो.

किती महिन्यांनी पवित्र शास्त्रातलं काहीतरी आपणहून माझ्या तोंडी आलं.

जूनमध्ये आई गेली. त्याआधीचे पाच महिने ती इथेच, मधल्या खोलीत होती. त्या पाच महिन्यांत मी जेवढी प्रार्थना केली तेवढी उभ्या आयुष्यात केली नसेल. आधी बरी कर म्हणून, मग दुखणं कमी कर म्हणून, शेवटी आता ने म्हणून. सगळं सांगितलं देवाला, एक गोष्ट सोडून. ती गेली आणि माझ्यातली प्रार्थना आटली. देवावर राग धरला असता तर निदान भांडण तरी चाललं असतं. तसंही नाही. गुडघे टेकते, डोळे मिटते, आत काही हलत नाही. शास्त्र उघडते, ओळींवरून नजर फिरते, पान उलटतं. रविवारी व्हाइट चर्चला जाते, सगळ्यांबरोबर हिंदी गाणी म्हणते. वीस वर्षांत हिंदी उपासनेची सवय झाली, पण माझं रडणं अजून मराठीतच आहे, आणि मराठीत रडायला आता घरात आई नाही.

चर्चच्या मंडळीत हे कुणाला बोलले नाही. इथे लिहून ठेवते.

काकांचं म्हणणं असं : "अगं, तू त्याला लाडावून ठेवलंयस. एक दिवसाआड नळाला नर्मदा येते, आली की दोन बादल्या त्याला. मग ते कशाला फुलेल? पालवीच काढत बसणार." बहार धरायचा, म्हणजे झाडाला ठरल्या वेळी फुलवायचं, तर त्याला ताण द्यावा लागतो. पाणी तोडलं की वाढ थांबते. पानांनी केलेलं अन्न नव्या पालवीवर खर्च होत नाही, फांद्यांत साठतं, आणि पुन्हा पाणी मिळालं की फुलांच्या रूपानं बाहेर येतं. आत्ता ताण दिला तर आंबे बहार धरता येईल, फूल जानेवारीअखेर ते फेब्रुवारीत. हलक्या जमिनीत महिनाभर पुरतो. माळव्याची काळी माती ओल सोडत नाही, तिला दीड-दोन महिने लागतात.

मी विचारलं, "मरणार नाही ना?"

"पाणी द्यायचं नाही. पण बघायचं रोज."

१२ डिसेंबर

नऊ दिवस झाले. पानं अजून ताठ आहेत, वरचा थर मात्र भुरकट झालाय. बोट घातलं तर दोन पेरांखाली गारवा लागतो.

सात वर्षांत या झाडाकडे मी इतकं निरखून पाहिलं नव्हतं. पाणी घालत होते तेव्हा बादली रिकामी केली की मी आत. आता सकाळ-संध्याकाळ जाते, पान हातात घेते, उलटं करून बघते. पाणी ज्यानं तोडलं त्याचीच फेरी जास्त होते, हे मला या झाडानं दाखवलं. येशू म्हणतो, मी खरा द्राक्षवेल आणि माझा पिता माळी. छाटणीवरची प्रवचनं या वचनावर पुष्कळ ऐकली. माळी नुसता येऊन उभा राहतो, पान बघतो आणि काहीच न करता जातो, असेही दिवस असतात, हे कुणी सांगितलं नव्हतं.

माझं पाणी देवानं तोडलं की मीच नळ बंद केला, हे मला अजून कळलेलं नाही. सगळं त्याच्या नावावर टाकून मोकळी होऊ नये एवढं कळतं.

१९ डिसेंबर

आज काका रागावले. लिंबाशेजारी दोन वर्षांचा पेरू आहे. एकाच आळ्यातून पाणी जातं म्हणून मी त्याचंही तोडलं होतं. "त्याचं कुणी तोडायला सांगितलं? लहान झाडाला ताण नसतो द्यायचा. जळून जाईल ते." लगेच दोघांत मातीचा बांध घातला आणि पेरूला तांब्यानं पाणी दिलं. पानांच्या कडा तांबूस झाल्या होत्या.

रात्री जेवणं झाल्यावर लेक म्हणाली, "आई, आपण रात्रीची प्रार्थना आता कधीच नाही का करायची?"

तेरा वर्षांची आहे, चर्चमध्ये दृढीकरणाच्या, म्हणजे स्वतःच्या तोंडानं विश्वास कबूल करण्याच्या तयारीच्या, वर्गाला जाते. आजी असताना रोज रात्री मधल्या खोलीत कौटुंबिक उपासना व्हायची. आई एक वचन वाचायची, एखादा अभंग म्हणायची. ती नगरची, आणि नगरच्या ख्रिस्ती घरांत रेव्हरंड ना. वा. टिळकांचे अभंग ओव्यांसारखे तोंडी असतात. 'फुलांमुलांचा कवी' म्हणतात त्यांना. जून महिन्यात ते सगळं थांबलं. मी थांबवलं. माझ्या आत काही नाही, तर तोंडानं कशाला म्हणायचं, असं मला प्रामाणिकपणाचं वाटत होतं. सहा महिने मी माझ्याबरोबर तिचंही पाणी तोडून बसले होते.

लगेच बसलो. ह्यांनी टीव्ही बंद केला. माझ्याकडे स्वतःचे शब्द नव्हते, म्हणून येशूनं शिकवलेली 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' ही प्रार्थना म्हटली. लेकीनं आजीचा अभंग सुरू केला, आजीच्याच चालीत, दुसऱ्या कडव्याला आवाज चढवून. मी म्हणू शकले नाही. बसून राहिले, तेवढं जमलं.

२७ डिसेंबर

नाताळ झाला. करंज्या आईच्या प्रमाणानं केल्या, सारण उरलं.

आज खताचा ढीग शेवटचा उलथला. ऑक्टोबरमध्ये काकांनीच घालायला लावला होता. ही पद्धत आपल्याच गावची, हे त्यांनी मला चार वेळा तरी अभिमानानं सांगितलंय. १९२४ ते १९३१ या काळात इंग्रज कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड इथे होते, आज जिथे कृषी महाविद्यालय आहे तिथे. त्यांनी आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी शेतातला टाकाऊ माल कुजवून खत करण्याची रीत बसवली, आणि ती जगभर 'इंदूर पद्धत' म्हणून गेली. काडीकचऱ्याचा थर, शेण, गोठ्यातली मूत्र मुरलेली माती, राख, पुन्हा काडीकचरा. वारा खेळता ठेवायचा, ओल ठेवायची पण चिखल नाही, तीन वेळा उलथायचं, तीन महिन्यांत खत तयार. आमचा ढीग कोपऱ्यातल्या विटांच्या चौकोनात आहे. भाज्यांची देठं, सालं, चहाचा चोथा, कडुनिंबाची वाळकी पानं, गोशाळेतून आणलेलं शेण. सकाळी कचरागाडी गाणं लावून येते तेव्हा आमची ओल्या कचऱ्याची बादली रिकामी असते.

पहिल्यांदा उलथताना नाक धरलं होतं. आज काळं, भुसभुशीत, पहिल्या पावसासारख्या वासाचं निघालं. त्यात कशाचं काय झालं ते ओळखू येत नाही.

आणि फावडं हातात असताना ती एक गोष्ट पुढे आली.

मे महिन्यातली एक रात्र. आईनं चौथ्यांदा हाक मारली. तीन रात्री मी झोपले नव्हते. मी दारातूनच ओरडले, "आता पुरे कर गं आई." ती गप्प झाली. त्या रात्री तिनं पुन्हा हाक मारली नाही. सकाळी चादर बदलताना दिसलं की तिला खरंच गरज होती. ती काही बोलली नाही, मीही बोलले नाही. नंतरच्या तीन आठवड्यांत बोलता आलं असतं.

पाच महिन्यांच्या सगळ्या प्रार्थनांत मी हे देवापुढे आणलं नाही. चांगलं, धुतलेलं तेवढंच आणत राहिले. माळी मालकाला म्हणतो मी खत घालीन, म्हणजे शेणच की. घरात कुणी आणणार नाही असं, आणि तेच मुळाशी.

लिहिलं. अजून प्रार्थनेत नाही म्हटलं.

७ जानेवारी

नव्या वर्षाला एक ठरवलं होतं, वर्षात संपूर्ण पवित्र शास्त्र वाचायचं. १,१८९ अध्याय, म्हणजे रोज तीन-चार. सहा महिन्यांचा दुष्काळ एकदम भरून काढायचा होता. सात दिवसांत उत्पत्ती या पहिल्या पुस्तकाचे चोवीस अध्याय झाले आणि काय वाचलं विचाराल तर नोहाचं तारूही धड आठवत नाही.

लिंबाची पानं आता मलूल आहेत, खालची काही पिवळी होऊन गळली. दुपारी माझा धीर सुटला, पाइप घेऊन गेले. काका ओटल्यावरून उठून आले. म्हणाले, अजून दहा दिवस. आणि तेव्हाही असा पाइप सोडायचा नाही. तहानलेल्या झाडाला पहिलं पाणी भरपूर दिलं तर ते पालवीवर जातं, आलेली कळीसुद्धा गळते. पहिलं पाणी हलकं, ते आंबवणी. मग काही दिवस थांबून दुसरं, जरा जास्त, ते चिंबवणी. त्यानंतर नेहमीचं.

आंबवणी, चिंबवणी. हे शब्द आईकडून ऐकले होते, मिरचीची रोपं लावताना. इंदुरात पहिल्यांदाच कानावर आले.

वाचनाचं वेळापत्रक फ्रिजवरून काढलं.

१८ जानेवारी

आज ताण तोडला, सेहेचाळिसाव्या दिवशी. रविवार होता, उपासनेहून आल्यावर साडीचा पदर खोचून बसले. बुंध्यापासून हातभर सोडून गोल आळं हलकं चाळलं. मुळांना धक्का लागू नये म्हणून खुरपं आडवं धरायचं. काळी माती दगडासारखी झाली होती, भेगा पडल्या होत्या, ढेकळं हातानं फोडली. तीन घमेली खत पसरलं, माती ओढली, वरून एक बादली पाणी, तांब्यातांब्यानं.

एकेक तांब्या मुरेपर्यंत थांबावं लागतं. त्या वेळात आई करायची तसं केलं. आई दिवसाला एकच वचन घ्यायची आणि तांदूळ निवडताना, भांडी विसळताना ते पुटपुटत राहायची. मला लहानपणी ते अडाणीपणाचं वाटायचं. खूप नंतर एका पाळकसाहेबांनी सांगितलं की पहिल्या स्तोत्रात नियमशास्त्राचं रात्रंदिवस मनन करणारा माणूस आहे, तिथला मूळ हिब्रू शब्द 'हागा' म्हणजे हलक्या आवाजात पुटपुटणं. यशया संदेष्ट्याच्या पुस्तकात पारव्याच्या घुमण्याला तोच शब्द आहे, आणि भक्ष्यावर बसलेल्या सिंहाच्या गुरगुरण्यालाही. आई न शिकता बरोबर करत होती.

मी बत्तिसावं स्तोत्र घेतलं होतं. दावीद म्हणतो, मी गप्प राहिलो तेव्हा माझी हाडं झिजली, उन्हाळ्यानं सुकावा तसा माझा जीवनरस आटला. पहिल्या तांब्याला पुटपुटले, दुसऱ्याला पुटपुटले. गप्प राहिलो तेव्हा. गप्प राहिलो तेव्हा. चौथ्या की पाचव्या तांब्याला मे महिन्याची ती रात्र बोलून टाकली, मोठ्यानं, मराठीत, मातीकडे बघत. प्रभू, तिनं हाक मारली आणि मी गेले नाही.

पाणी जिरत होतं. मी ओरडले त्याच्या दुसऱ्या दिवशी आईनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला होता, हे मी इतके महिने विसरले होते. ते तिथे आठवलं. मग रडले. ह्यांनी दारातून पाहिलं आणि काही न विचारता दुसरी बादली भरून ठेवली. ती वापरली नाही, आंबवणीला एकच पुरे.

२४ जानेवारी

चिंबवणी. दोन बादल्या. आजचं वचन योहानाच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायातलं, द्राक्षवेलाच्याच, अर्धंच, 'माझ्यामध्ये राहा'.

११ फेब्रुवारी

सकाळी लेक ओरडत आत आली. खालच्या फांदीवर, पानाच्या बगलेत, कळ्यांचे झुबके. बाजरीच्या दाण्यापेक्षा थोड्या मोठ्या, पांढऱ्या, टोकाला जांभळट झाक. तिनं एका फांदीवर सतरा मोजल्या. काका चष्मा घालून आले, म्हणाले, "यातल्या बऱ्याच गळणार. घाबरू नकोस, झाड झेपतील तेवढ्याच ठेवतं."

रात्री वाचायची पाळी तिची होती. तिनं लूक तेरा काढला, आपल्या लिंबाचा अध्याय म्हणून. वाचून झाल्यावर विचारलं, "मग पुढच्या वर्षी त्या अंजिराला फळ आलं का?" मी सांगितलं, येशूनं गोष्ट तिथेच सोडली. माळी खणतोय, तिथेच. ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "म्हणजे झाड अजून उभं आहे."

ह्यांनी गाडीवर घालायला आच्छादन आणलंय, गल्लीतल्या धुळीसाठी. झाडाचा विषय निघाला नाही.

उद्या नळ येणार. लिंबाला दोन बादल्या, पेरूला एक.