पानगळीतलं सफरचंद, मनगटावर

सफरचंदाच्या अत्तराची बाटली उघडून नाकाशी धरली, वास आवडला आणि लगेच घेऊन टाकली, तर फसगत होण्याची शक्यता बरीच. बाटलीच्या तोंडाशी येतो तो सगळ्यात आधी उडून जाणाऱ्या घटकांचा वास. दोन-तीन तासांनी त्वचेवर जे उरतं, ते खरं अत्तर. दिवसभर सोबत तेच राहणार असतं.

सफरचंदातून गुलाबासारखं सुगंधी तेल काढता येत नाही. फळात पाणी आणि साखर भरपूर, वासाचे घटक मात्र अगदी नगण्य. म्हणून हा वास रचावा लागतो. हेक्झाइल ॲसिटेटमुळे सालीचा हिरवट गोडवा येतो, इथाइल २-मिथाइलब्युटिरेटमुळे पिकल्या गराचा रसाळपणा. ही एस्टरं, म्हणजे फळांसारखा वास देणारी संयुगं, हलकी असतात, त्वचेच्या उबेनं भराभर उडतात. नुसत्या त्यांच्यावर बेतलेलं अत्तर अर्ध्या तासात शाम्पूसारखं वाटायला लागतं, कारण हिरव्या सफरचंदाचा वास शाम्पूत इतका वापरला गेलाय की नाकाला आधी तोच आठवतो.

पानगळीचं सफरचंद वेगळं. ते मऊ पडलेलं, मंद आचेवर शिजलेलं, किंचित आंबूस. हा पोत येतो डॅमॅसेनोनमुळे. गुलाबाच्या तेलातही सापडणारा हा घटक शिजलेल्या फळाची आणि मनुक्यांची आठवण करून देतो आणि इतका तीव्र असतो की अगदी थेंबभरानंही काम होतं. त्याच्या मागे दालचिनी, लवंगेतलं युजेनॉल, जळू लागलेल्या साखरेसारखं इथाइल माल्टॉल आणि तळाशी व्हॅनिलाचा वास देणारं व्हॅनिलिन, लाकूड, कस्तुरीसारखे जड वास.

मनगटावर हे असं उलगडतं. पहिली दोन-तीन मिनिटं दाताखाली साल कचकन तुटावी तसा वास, देठाचा हिरवेपणाही त्यात. दहाव्या मिनिटाच्या आसपास फळ मऊ पडतं आणि दालचिनी वर येते. हाच टप्पा सगळ्यात बेभरवशाचा. दालचिनी जास्त असेल तर ती सफरचंदाला गिळून टाकते आणि हाती फक्त मसाल्याचा डबा राहतो. तासाभरानं साखर गडद होते, फळाचा वास जवळून हुंगलं तरच कळतो. तिसऱ्या तासाला व्हॅनिला आणि लाकूड, आणि त्यात कुठेतरी शिजलेल्या गराची पुसट आंबट कड. ती कड शिल्लक असेल तर अत्तर चांगलं जमलंय असं खुशाल समजावं. नुसता गोडवा उरला तर ते सफरचंदाचं अत्तर नव्हे, व्हॅनिलाचं.

हे अत्तर तेलात मिसळलेलं असतं. त्यात अल्कोहोल नसल्यानं वास दूर फेकला जात नाही, अंगालगत राहतो. म्हणून जास्त लावायचा मोह होतो आणि तिथेच बिघडतं. काचेची काडी बाटलीच्या काठाला टेकवून थेंब निथळू द्यायचा आणि उरलेला ओलावा मनगटावर एकदा टेकवायचा. दोन मनगटं आणि मानेचा खालचा भाग, इतकं पुरतं. गरम हवेत यातलंही निम्मं करावं, कारण उकाड्यात इथाइल माल्टॉल घशाशी येतं. थोड्या वेळानं स्वतःला वास येईनासा झाला तर लगेच पुन्हा लावू नये. नाक सरावलेलं असतं, समोरच्याला तो येतच असतो. कोरड्या त्वचेवर टिकत नसेल तर आधी बिनवासाचं क्रीम लावून पाच मिनिटं थांबावं. शाम्पूची छटा डोकं वर काढत असेल तर खाली चंदनाचा किंवा साध्या व्हॅनिलाचा हलका थर द्यावा.

दालचिनीतलं सिनॅमाल्डिहाइड आणि लवंगेतलं युजेनॉल काहींच्या त्वचेला सोसत नाही. पहिल्यांदा कोपराच्या आतल्या बाजूला ठिपकाभर लावून ४८ तास वाट पाहावी. लाली, खाज किंवा पुरळ आलं तर धुवून टाकावं आणि ते अत्तर त्वचेवर पुन्हा वापरू नये. नुकत्याच वस्तरा फिरवलेल्या जागी तर अजिबात नको. फिकट कपड्यावरही लावू नये. तेलाचा डाग पडतो, आणि व्हॅनिलिन हवेनं तपकिरी होतं तसा तो पुढे गडदही होतो.

बाटली अंधाऱ्या, थंड जागी उभी ठेवावी आणि वापरण्याआधी तळव्यांत हलकेच फिरवावी, म्हणजे खाली काही बसलं असेल तर ते मिसळतं. रबरी फुग्याचं ड्रॉपर झाकण असेल तर ते काढून साधं घट्ट झाकण लावावं, तेलाच्या वाफेनं रबर चिकट होतं. काही महिन्यांत रंग गडद झाला तर घाबरायचं कारण नाही, ते व्हॅनिलिनचं काम. पण सफरचंदाच्या जागी खवट तेलाचा किंवा चीजसारखा आंबट वास यायला लागला, तर तेल किंवा एस्टरं बिघडलीत. ती बाटली टाकून द्यावी.