साहेब, कॅशे उडवा की

इचलकरंजीत यंत्रमागवाल्यांचे हिशोब आणि जीएसटीची रिटर्न भरणाऱ्या माणसाचा महिना दोन तारखांना टांगलेला असतो. ११ तारखेला जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीच्या बिलांचा तपशील, २० तारखेला ३बी, म्हणजे महिन्याचा गोषवारा आणि कर. नेमका त्याच दिवसांत ब्राउझर अडकतो, आणि तो अडकला की ऑफिसात बसलेल्या प्रत्येकाकडे उपाय तयार असतो. सूत व्यापारी असो, सायझिंगचा, म्हणजे सुताला खळ देणाऱ्या कारखान्याचा मालक असो, नाहीतर चहा घेऊन आलेला पोरगा. "साहेब, कॅशे उडवा की."

या सल्ल्यावर माझा राग आहे. कॅशे म्हणजे साइटची चित्रं, स्क्रिप्ट, फॉन्ट असलं सामान, जे ब्राउझरने एकदा उतरवून जवळ ठेवलेलं असतं, परत परत मागवायला नको म्हणून. ते उडवलं की प्रत्येक साइट पहिल्यांदा उघडताना उलट सावकाश उघडते, कारण सगळं नव्याने उतरवावं लागतं. त्यात लोक कॅशेच्या शेजारच्या कुकीजच्या, म्हणजे साइटने तुमची ओळख लक्षात ठेवायला ठेवलेल्या नोंदींच्या, चौकोनातही खूण करतात. मग सगळीकडून लॉगआउट, सगळीकडे परत ओटीपी, आणि ओटीपी ज्या फोनवर येतो त्याचा मालक लग्नाला कोकणात. एखादं पान वेडंवाकडं दिसत असेल, बटण दाबलं जात नसेल, तर जुनी फाइल अडकून बसलेली असू शकते, तिथे कॅशे उडवणं बरोबर. पण "दिसत नाही" हा आजार वेगळा आणि "अडकतंय" हा वेगळा.

माग बंद पडला की जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा, आल्या आल्या पाना काढत नाही. आधी मान वर करून बघतो, एकच माग थांबलाय की लाइनच बंद आहे, की लाइटच गेलीय. मी ऑफिसातल्या मुलीला तेच शिकवलं. "सर, परत अडकलं" म्हणाली की माझा प्रश्न ठरलेला: "काय काय अडकलंय?" एकच टॅब अडकलाय आणि बाकीचे चालतायत? की वरची टॅबची पट्टीसुद्धा दाबली जात नाही? की माउसचा बाणच धक्के खात चाललाय, एक्सेलही उघडत नाही? या तिन्ही ठिकाणी दुखणं वेगळं असतं, आणि उत्तर मिळेपर्यंत मी कशालाही हात लावत नाही.

बाणच धक्के खात असेल तर ब्राउझरला शिव्या देण्यात अर्थ नाही. आमच्या दारालगतच्या कंप्युटरचं हेच होतं. चार जीबी रॅम, जुनी हार्ड डिस्क. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून विंडोजचा टास्क मॅनेजर उघडला, परफॉर्मन्समध्ये गेलो, तर डिस्क शंभर टक्क्यांवर चिकटलेली. मेमरीच्या पानावर "कमिटेड"समोरचा आकडा रॅमच्या जवळजवळ दुप्पट. म्हणजे रॅममध्ये मावत नाही ते विंडोज डिस्कवर ठेवतंय आणि लागेल तसं परत आणतंय. फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क सेकंदाला साधारण शंभरेक वेगवेगळ्या जागा वाचू शकते. साध्यातल्या साध्या एसएसडीला, म्हणजे तबकडी नसलेल्या डिस्कला, हेच काम हजारोंनी जमतं. तुम्ही टॅब बदलला की त्या टॅबचा पसारा तबकडीवरून गोळा होईपर्यंत सगळा कंप्युटर थांबून राहतो, आणि आपण म्हणतो ब्राउझर हँग झाला.

दुकानदार म्हणाला, साहेब, नवीनच घ्या आता, ही मशीन विंडोज ११ घेणार नाही. खरं आहे, त्यातला तिसऱ्या पिढीचा आय३ प्रोसेसर विंडोज ११च्या यादीत बसत नाही. पण मला तेव्हा ३बी भरायचं होतं, विंडोज ११ नव्हे. रॅमची चार जीबीची आणखी एक पट्टी आणि एक एसएसडी, एवढ्यात बाण सरळ चालायला लागला. विंडोज १०चा साधा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला, त्यामुळे त्या कंप्युटरला कधीतरी निरोप द्यावाच लागेल, पण ते कारण वेगळं.

लोक मला विचारतात, पूर्वी एवढ्याच मेमरीत चालायचं की सगळं? चालायचं. जानेवारी २०१८ मध्ये प्रोसेसरमधली स्पेक्टर नावाची फट जाहीर झाली. एका साइटचा कोड त्याच प्रोसेसमध्ये, म्हणजे चालू प्रोग्रॅमच्या कंप्युटरमधल्या त्याच खोलीत, असलेल्या दुसऱ्या साइटची मेमरी चोरून वाचू शकेल, अशी ती भानगड. त्यावर क्रोमने त्याच वर्षी ६७व्या आवृत्तीपासून प्रत्येक साइटला वेगळ्या प्रोसेसमध्ये बसवलं, आणि त्यापायी दहा ते तेरा टक्के जास्त मेमरी लागेल असं गूगलने तेव्हाच सांगून टाकलं. फायरफॉक्सने २०२१ मध्ये तोच रस्ता धरला. एखाद्या बातमीच्या पानात चार ठिकाणच्या जाहिराती असल्या की त्यांचेही सवते संसार थाटले जातात. क्रोममध्ये शिफ्ट आणि एस्केप दाबा, त्याचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडतो, त्यात "सबफ्रेम" नावाच्या ओळी दिसतील, त्या याच. बँकेचं पान आणि लॉटरीची जाहिरात एका खोलीत नकोत, हे मला पटतं. मेमरी गेली तरी चालेल.

हा आतला टास्क मॅनेजर फार थोड्यांना माहीत आहे. सीपीयूच्या मथळ्यावर क्लिक केलं की सगळ्यात जास्त खाणारा वर येतो. बहुतेक वेळा निदान इथेच संपतं: मागे कुठेतरी उघडं राहिलेलं व्हिडिओचं पान, नाहीतर दर सेकंदाला भाव बदलणारं शेअरबाजाराचं पान. तेवढी ओळ निवडून "एंड प्रोसेस" करायचं, बाकीच्या टॅबना धक्का लागत नाही. फायरफॉक्समध्येही त्याच दोन कळा दाबल्या की प्रोसेसची यादी येते.

मात्र या यादीत एक मोठी मेख आहे, आणि खरं म्हणजे तिच्यासाठीच हे सगळं लिहायला बसलोय.

दुसऱ्या कंप्युटरवर एकच टॅब अडकायचा, आमच्या ऑनलाइन बिलिंग सॉफ्टवेअरचा. तोही नेहमी नाही. छोट्या पार्टीची बिलं उघडली तर लोण्यासारखं चालायचं. सूतवाल्या मोठ्या पार्टीची, शेकडो ओळींची यादी उघडली की पांढरं पान, आणि थोड्या वेळाने "हे पान प्रतिसाद देत नाही, थांबायचं की बंद करायचं" अशी चौकट. टास्क मॅनेजरमध्ये बघितलं तर बोट सरळ त्या टॅबकडे. सॉफ्टवेअरच्या माणसाला फोन केला. तो म्हणाला, आमच्याकडे उघडतंय. हे ऐकून कुणालाही राग येईल. पण मी त्याच शेजारच्या खुर्चीवर, माझ्या लॅपटॉपवर तीच यादी उघडली आणि ती झटक्यात उघडली. नेट तेच, लॉगिन तेच.

माझा भाचा पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्याला फोन लावला. तो म्हणाला, "मामा, इन्कॉग्निटोत, म्हणजे क्रोमच्या खाजगी खिडकीत, उघडून बघा." उघडलं. चाललं. "मग एक्स्टेंशन आहे, ब्राउझरला वरून जोडलेला छोटा प्रोग्रॅम. इन्कॉग्निटोत ती मुद्दाम परवानगी दिल्याशिवाय चालत नाहीत." मी म्हटलं, अरे पण टास्क मॅनेजरच्या यादीत एक्स्टेंशनची वेगळी ओळ आहे, तिथे तर शून्य टक्के दिसतंय. त्यावर त्याने जे सांगितलं ते मला कुठल्याही "ब्राउझर फास्ट करण्याचे उपाय" छापाच्या व्हिडिओत सापडलं नव्हतं. एक्स्टेंशनचा जो भाग पानाच्या आत शिरून काम करतो, तो त्या पानाच्याच प्रोसेसमध्ये पळतो. त्याने खाल्लेला सीपीयू पानाच्या खात्यावर पडतो. हिशोबाच्या धंद्यात आयुष्य गेल्यामुळे ही गोष्ट मला पटकन कळली: खर्च एकाचा, नावे दुसऱ्याच्या.

एक्स्टेंशन डझनभर होती. एकेक बंद करत बसण्यापेक्षा निम्मी बंद करायची आणि बिलांची यादी उघडून बघायची. अडकली तर चोर चालू असलेल्यांत, नाही अडकली तर बंद केलेल्यांत. परत निम्मी. सोळा असली तरी चार फेऱ्यांत एक उरतं. आमच्याकडे उरलं ते बँकेच्या पीडीएफ स्टेटमेंटचं एक्सेल करून देणारं, फुकटचं. त्याची परवानगी वाचली: "सर्व वेबसाइटवरील तुमचा सर्व डेटा वाचणे आणि बदलणे." प्रत्येक पानावर पीडीएफची लिंक कुठे दिसते का, हे ते शोधत बसायचं. पानात काहीही बदललं की पुन्हा पहिल्यापासून शोध. बिलाच्या यादीत एक ओळ भरली, शोध. दुसरी ओळ भरली, शोध. ओळी वाढतील तसा प्रत्येक शोध लांबणार आणि शोधांची संख्याही वाढणार. आता पानाचं बहुतेक काम, म्हणजे चित्र काढणं, क्लिक ऐकणं, स्क्रिप्ट चालवणं, एकाच मुख्य धाग्यावर (थ्रेडवर), एकामागून एक चालतं. तो धागा शोधात गुंतला की तुमच्या क्लिकला विचारणारं कुणी नाही. छोटी पार्टी का चालायची आणि मोठी का अडकायची, त्याचा उलगडा हा.

मुलीने बिचारीने ते कामासाठीच टाकलं होतं, तिला काय बोलणार. मला खटकलं ते वेगळंच. माझ्या पक्षकारांची बँक स्टेटमेंट एवढे दिवस कुणाच्या दारातून जात होती? ते काढून टाकलं. आता हेच काम एक्सेलमध्येच करतो. मायक्रोसॉफ्ट ३६५मधल्या एक्सेलला डेटा, गेट डेटा, फ्रॉम फाइल या वाटेने पीडीएफमधला तक्ता थेट घेता येतो. स्कॅन केलेल्या पीडीएफवर चालत नाही, आणि नॅरेशनच्या, म्हणजे व्यवहाराच्या वर्णनाच्या, ओळी कधीकधी दोन रकान्यांत फुटतात. त्या हाताने जोडाव्या लागतात. चालतं.

फायरफॉक्सवाल्यांना एवढी फाळणी करण्याआधी एक सोपी चाचणी आहे. मदतीच्या मेनूत "ट्रबलशूट मोड" आहे, २०२१च्या आधी त्याला सेफ मोड म्हणायचे. त्यात सगळी अॅड-ऑन, म्हणजे फायरफॉक्समधली एक्स्टेंशन, बंद होतात आणि ग्राफिक्सचं अॅक्सिलरेशनही, म्हणजे चित्र काढायचं काम प्रोसेसरऐवजी ग्राफिक्स चिपवर टाकणं. तिथे नीट चाललं तर बहुधा या दोघांपैकी एक.

अॅक्सिलरेशनचा किस्सा थोडक्यात. टॅबची पट्टीच गोठते, खिडकीत काळे चौकोन येतात, स्क्रोल करताना पान फाटल्यासारखं दिसतं, असं असेल तर संशय ग्राफिक्स ड्रायव्हरवर, म्हणजे ती चिप चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, घ्यावा. क्रोमच्या सेटिंगमध्ये सिस्टिम या भागात ते बंद करता येतं. बंद केल्यावर बरं वाटलं तर कंप्युटर किंवा ग्राफिक्स बनवणाऱ्याच्या साइटवरून नवा ड्रायव्हर टाका आणि परत चालू करा. कायमचं बंद ठेवलं तर व्हिडिओचा भार प्रोसेसरवर येतो आणि पंखा ओरडायला लागतो. त्याच सिस्टिमच्या पानावर, क्रोम बंद केल्यावरही मागची अॅप्स चालू ठेवण्याचं एक बटण असतं. ते मी सगळीकडे बंद केलंय. खिडकी बंद केली म्हणजे बंद, एवढी साधी अपेक्षा आहे माझी.

रिटर्नच्या कामासाठी तिन्ही कंप्युटरवर क्रोमचं वेगळं प्रोफाइल करून ठेवलंय, एकही एक्स्टेंशन नसलेलं. भाषांतराचं नाही, कूपनचं नाही, स्क्रीनशॉटचंही नाही. ज्याला गाणी ऐकायचीत, क्रिकेटचा स्कोअर बघायचाय, त्याने दुसऱ्या प्रोफाइलमध्ये खुशाल बघावं. रिटर्नच्या प्रोफाइलचा रंग लाल ठेवलाय, म्हणजे घाईत भलत्याच खिडकीत कुणी लॉगिन करत नाही.