पौषातला मेळावा

पौष वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथांची यात्रा भरते. दिंड्या परतीला लागल्या की त्यानंतरच्या रविवारी आमच्या हरिपाठ मंडळाचा वार्षिक मेळावा असतो. पंचवटीतल्या एका शाळेचं सभागृह आम्हाला त्यासाठी मिळतं. दीपप्रज्वलन, स्वागत, अहवाल, जमाखर्च, पाहुण्यांना शाल-श्रीफळ हे रीतीप्रमाणे पार पडतं. मी मंडळाची चिटणीस, अहवाल मीच वाचते, तरी त्याविषयी लिहिण्यासारखं काही नाही. मेळाव्याचा खरा जीव दुपारच्या सत्रात आहे.

पत्रिकेत ‘युवक-ज्येष्ठ संवाद’ असं छापलेलं असतं. आम्ही सगळे त्याला ‘चिठ्ठ्या’ म्हणतो. स्टीलचा जुना पिठाचा डबा आहे, झाकणाला चीर पाडलेली. मेळाव्याच्या आधी पंधरा दिवस तो हरिपाठाच्या जागी, विठ्ठलाच्या तसबिरीखाली ठेवतो. मुलं नाव न घालता लिहून टाकतात. ‘बाबा म्हणतात इंजिनिअरिंगच कर, मला गणित झेपत नाही.’ ‘मित्र म्हणतो कर्ज काढून भागीत दुकान टाकू.’ ‘मोबाईलवर एक सर सांगतात की नोकरी करणारे आयुष्यभर गुलाम राहतात, खरं आहे का?’ एकाने नुसतं लिहिलं होतं, ‘सगळे वेगवेगळं सांगतात. कुणाचं ऐकू?’ या एका ओळीवर आमचं सत्र संध्याकाळपर्यंत चाललं होतं.

उत्तरं द्यायला चार ज्येष्ठ बसतात, मुलांसमोर, सतरंजीवर. व्यासपीठावर बसायचं नाही हा माईंचा नियम. माई जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाल्या, आणि हे सत्र उभं केलं ते त्यांनीच. त्यांचे आणखीही नियम आहेत. चिठ्ठी वाचली की पाच मिनिटं नामजप, मगच तोंड उघडायचं. आधी दोन प्रश्न विचारायचे, मग सल्ला. ‘आमच्या वेळी’ अशी सुरुवात करायची नाही. माहीत नसेल तर माहीत नाही म्हणायचं आणि ज्याला माहीत आहे त्याच्याकडे त्या मुलाला स्वतः घेऊन जायचं. माई म्हणतात, “सल्ला दिला की आपण त्या पोराला बांधले गेलो. उद्या चुकलं तर त्यानं पहिलं दार आपलं वाजवलं पाहिजे.”

चिठ्ठी निनावी असते खरी, पण ज्येष्ठांनी प्रेमानं प्रश्न विचारले की बहुतेकदा पोरगं आपणहून उभं राहतं. असाच एकदा एक मुलगा उभा राहिला. कॉलेजला होता. दोन महिन्यांत पैसे दुप्पट होतात, तू तुझे साठवलेले टाक, पण घरी इतक्यात सांगू नकोस, असं त्याला कुणी ओळखीच्यानं सांगितलं होतं. उत्तराची पाळी अण्णांची होती. अण्णांची सगळी नोकरी नाशिकरोडच्या नोट प्रेसमध्ये गेली. त्यांनी खिशातून शंभराची नोट काढली, मुलाला जवळ बोलावलं आणि खिडकीकडे धरायला लावली. कोऱ्या भागात गांधीजींचा चेहरा उमटला. अण्णा म्हणाले, “मुठीत सगळ्या नोटा सारख्याच रे. खरी कोणती ते उजेडात धरल्यावर कळतं. सल्ल्याचंही तसंच. तुझ्या आईसमोर तो मोठ्यानं बोलून बघ, मग विठ्ठलासमोर बोल. बोलवत नसेल तर पैसे काढू नकोस.” मुलानं विचारलं, “आणि बोलवलं तर?” “तर आई काय विचारते ते ऐक. घाईनं उत्तर देऊ नकोस.”

देवाचं नाव घेऊन दिलेला प्रत्येक सल्ला देवाचाच असतो असं आमच्या मंडळात कुणी मानत नाही, आणि मला या गोष्टीचा सर्वांत जास्त अभिमान आहे. बारावीच्या एका मुलीची चिठ्ठी होती. मार्क पडत नाहीत ते ग्रहांमुळे, मोठा विधी करावा लागेल, खर्च बराच येईल, असं तिच्या घरच्यांना कुणीतरी सांगितलेलं. माईंनी तिला दोनच प्रश्न विचारले. अभ्यास कधी करतेस? झोपतेस किती? कळलं ते असं की आजी अंथरुणाला खिळलेली, आई रात्रपाळीला, आणि रात्रभर आजीजवळ ही पोर बसायची. माई म्हणाल्या, “विधीचं राहू दे. आधी रात्री आजीजवळ कोण बसेल ते बघू.” त्याच संध्याकाळी मंडळातल्या बायकांनी पाळ्या लावून घेतल्या. परीक्षा होईपर्यंत एकही पाळी चुकली नाही. पांडुरंग असाच धावून येतो, असं मला मनापासून वाटतं.

सत्राचा शेवट मुली करतात, ताटीच्या अभंगांनी. लोकांच्या बोलण्यानं दुखावलेले ज्ञानदेव झोपडीचं दार लावून बसले आणि धाकट्या मुक्ताईनं बाहेरून त्यांची समजूत काढली, अशी ती कथा. परंपरेनं सांगितलेली सनं धरली तर निवृत्तिनाथांचा जन्म १२७३चा, ज्ञानदेवांचा १२७५चा आणि मुक्ताईचा १२७९चा. ज्ञानेश्वरी पूर्ण झाली १२९० साली. म्हणजे ज्ञानदेवांना लिहायची आज्ञा करणारे गुरू सतरा वर्षांचे थोरले भाऊ होते! आणि निवृत्तिनाथांना तरी गुरू कसे भेटले? ब्रह्मगिरीवर वाघाच्या भीतीनं सगळे पळाले, हा मुलगा घरच्यांपासून चुकला आणि गहिनीनाथांच्या गुहेत पोचला, असं सांगतात. तो डोंगर इथून जेमतेम तीस किलोमीटर. वाट चुकलेलं पोर आणि त्याला जवळ घेणारा वडीलधारा, ही गोष्ट आमच्या अंगणातलीच आहे. शेवटची मुक्ताई गायला लागली की मला दरवर्षी पदर डोळ्यांना लावावा लागतो.

एका गोष्टीचं मात्र वाईट वाटतं. जेवायला दोनशे पानं उठतात आणि चिठ्ठ्यांना साठ-सत्तर माणसं उरतात. गंगापूर रोडला, इंदिरानगरला राहायला गेलेले जुने सभासद बाराला येतात, प्रसाद घेतात आणि दोनला गाडी काढतात. ज्यांच्याबद्दल चिठ्ठ्या असतात ते वडील तर कितीदा आवारातच गप्पा मारत उभे असतात. मुलांना आत पाठवून स्वतः बाहेर राहणं मला पटत नाही. ग्रुपवर अंगठा दाखवणाऱ्यांनी यंदा दोन तास बसावं, एवढंच मागणं आहे.

आता ज्यांच्यावाचून मेळावा होत नाही त्यांच्याविषयी. पहाटे पाचला कुलूप उघडून झाडलोट करणारे शाळेचे शिपाईमामा आणि त्यांच्याबरोबर येणाऱ्या मामी. भाडं न घेता सतरंज्या देणारे मंडपवाले. साउंडवाला मुलगा, जो स्वतः एके काळी चिठ्ठी टाकायचा. पखवाजावर बसणारे एस.टी.तले दादा, रजा मिळो न मिळो हजर. वांग्याची भाजी आणि मसालेभात करणारे आचारी, बुंदीचा खर्च दरवर्षी नाव न सांगता उचलणारे काका, भाकऱ्या थापून आणणाऱ्या मखमलाबादच्या मावश्या, फुलं आणणारी त्यांची सून. पाण्याचे जार पोचवणारा, चपला सांभाळणारी दोन लहान मुलं, तब्येत बरी नसताना रिक्षानं आलेल्या नानी. आणि वाढपाला उभ्या राहणाऱ्या कॉलेजच्या मुली. त्या नेहमी सगळ्यांच्या मागून जेवतात, तोवर बुंदी संपलेली असते. यंदा पहिली पंगत त्यांची, हे मी कार्यकारिणीत मंजूर करून घेतलं आहे.