जळक्या ऑइलचा वास आणि गळतीचा माग

गाडीत जळक्या ऑइलचा वास येऊ लागला की बहुतेक जण आधी डिपस्टिक (ऑइलची पातळी मोजायची पट्टी) ओढून पाहतात आणि पातळी बरोबर दिसली की निर्धास्त होतात. मला हा निर्धास्तपणा पटत नाही. तापलेल्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर, म्हणजे इंजिनातला जळका वायू बाहेर नेणाऱ्या नळ्यांवर, पडलेले दोन-चार थेंबसुद्धा सगळी केबिन वासाने भरून टाकतात, आणि एवढ्याशा गळतीने डिपस्टिकवरची खूण महिनोन्महिने जागची हलत नाही.

माझ्या गाडीत हा वास पळत्या गाडीत कधीच येत नसे. लांबचा पल्ला मारून सिग्नलला थांबलो की मिनिटाभरात जाणवू लागे. याचे कारण सरळ आहे. गाडी वेगात असताना बॉनेटखालचा धूर वाऱ्याबरोबर मागे निघून जातो, पण ती थांबली की तो वर चढतो आणि पुढच्या काचेच्या बुडाशी असलेल्या जाळीतून, जिथून ब्लोअर बाहेरची हवा ओढतो, आत शिरतो. हवा आतल्या आत फिरवण्याचे बटण दाबल्यावर वास कमी झाला, तर तो इंजिनाकडूनच येत आहे असे बऱ्यापैकी खात्रीने म्हणता येते.

वासाची जातही ओळखावी लागते. घसरणाऱ्या क्लचचा वास कागद करपल्यासारखा असतो, कूलंटचा गोडसर; वायरचे प्लास्टिक जळत असल्याची शंका जरी आली, तरी गाडी तिथेच बाजूला घेऊन बंद करावी. सायलेन्सरमधून निळसर धूर निघत असेल तर ऑइल इंजिनाच्या आतच जळत आहे, म्हणजे पिस्टन रिंग किंवा व्हॉल्व्ह सील यांचा प्रश्न आहे, आणि ते दुखणे वेगळे.

बाहेरची गळती शोधताना नेहमी फसगत होते ती एकाच कारणाने: जिथे ऑइल जास्त दिसते तिथून ते गळत असतेच असे नाही. ते वरून ओघळते, वाऱ्याने मागे सरकते, धूळ धरते आणि भलत्याच जागी काळा राप चढवते. म्हणून ओल्या भागांपैकी सर्वांत उंचावरचा भाग आधी शोधावा. इंजिन पूर्ण थंड असताना, अल्टरनेटर आणि वायरचे कनेक्टर प्लास्टिकने झाकून, मी सगळा चिकटा डिग्रीझरने धुऊन काढला आणि थोडी गाडी फिरवल्यावर टॉर्च व छोटा आरसा घेऊन पुन्हा पाहिले. टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाच्या, मागच्या कोपऱ्यात, सहजासहजी नजर पोहोचत नाही अशा ठिकाणी, एक ओली चकचकीत रेघ उमटली होती, आणि तिच्या बरोबर खाली मॅनिफोल्डच्या पत्र्यावर तपकिरी, भाजलेला डाग होता. न धुता हे दिसले असते असे मला वाटत नाही.

नुकतीच सर्व्हिसिंग झाली असेल तर मात्र आधी भरताना सांडलेले ऑइल, सैल राहिलेले झाकण, ड्रेन नटचा वॉशर आणि फिल्टर तपासावा. जुन्या फिल्टरचे रबरी कडे इंजिनालाच चिकटून राहिले आणि त्यावर नवा फिल्टर बसला, तर ऑइल थेंबाथेंबाने नव्हे, धारेने जाते.

टॅपेट पॅकिंग, म्हणजे त्या कव्हरखालची रबरी पट्टी, बदलण्याआधी ते का हरले हे विचारायला हवे, आणि घाईत नेमका हाच प्रश्न राहून जातो. उष्णतेने रबर कडक होते हे खरे. पण पिस्टनच्या कडेने खाली उतरणारे वायू बाहेर काढणारा पीसीव्ही व्हॉल्व्ह तुंबला, तर क्रँककेसमधला (इंजिनाच्या खालच्या पोकळीतला) दाब वाढतो आणि मिळेल त्या सांध्यातून ऑइल बाहेर ढकलतो. अशा वेळी नवे पॅकिंगही फार दिवस टिकत नाही. साध्या पेट्रोल इंजिनात आयडलिंगला ऑइलचे झाकण काढून तोंडावर पातळ कागद धरावा: तो हलकेच आत ओढला गेला तर ठीक, फडफडत वर उडाला तर दाबाचा संशय घ्यावा.

बोल्ट आणखी आवळून गळती थांबवण्याचा मोह टाळावा, कारण त्याने कव्हर वाकते. माझे जुने पॅकिंग खाचेतून निघताना वाकलेही नाही, काडीसारखे कटकन तुटत आले. त्यात आवळण्याजोगे काही उरलेच नव्हते. खाच आणि हेडची (कव्हर ज्यावर बसते त्या इंजिनाच्या भागाची) कड कापडाने कोरडी पुसावी, सीलंट फक्त मॅन्युअलने सांगितलेल्या कोपऱ्यांवर आणि तोही बेताने लावावा, स्पार्क प्लगच्या नळ्यांची सीलेही त्याच वेळी बदलावीत. बोल्ट मधून कडेकडे, दोन-तीन टप्प्यांत, टॉर्क रेंचनेच (ठरलेल्या जोरानेच आवळणाऱ्या पान्याने) आवळावेत. बऱ्याच इंजिनांत हा आकडा 10 न्यूटन-मीटरच्या आसपास, म्हणजे हाताच्या अंदाजापेक्षा बराच कमी असतो.

काम झाल्यावरही वास लगेच जात नाही, कारण मॅनिफोल्डवर मुरलेले ऑइल जळून संपायला काही फेऱ्या लागतात. बॉनेटमधून धूर दिसू लागला तर मात्र वाट पाहू नये: इंजिन ऑइल साधारण 200 अंश सेल्सिअसच्या वर पेट घेण्याजोगे होते आणि मॅनिफोल्ड त्याहून कितीतरी जास्त तापते.

इतके करूनही गळती राहिली, तर इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या सांध्यातून थेंब पडताना पाहून क्रँकचे (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याचे) मागचे सील गेल्याचे निदान होऊ शकते. त्या कामासाठी बहुधा गिअरबॉक्स उतरवावा लागतो. टॅपेट कव्हरच्या मागच्या कडेतून निघालेले ऑइलही इंजिनाच्या पाठीवरून ओघळत नेमके त्याच सांध्यापाशी टपकते, त्यामुळे वरची कड कोरडी असल्याचे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मी तरी गिअरबॉक्स उतरवायला होकार देणार नाही.