व्हायलवरचे वजन आणि आतले पेप्टाइड

पेप्टाइडची, म्हणजे अमिनो आम्लांच्या लहान साखळीची, नवी व्हायल (छोटी बाटली) हाती आली की बहुतेकांची नजर लेबलवरच्या दोन आकड्यांवर जाते: वजन १ मिलिग्रॅम आणि शुद्धता ९५ टक्के. हे दोन्ही आकडे खरे असतात, तरीही आत पेप्टाइड नेमके किती आहे हे त्यांवरून कळत नाही. या विषयावर पुन्हा पुन्हा लिहावेसे वाटते, कारण जीवशास्त्राच्या प्रयोगशाळांमध्ये याच ठिकाणी सर्वाधिक गाफीलपणा होतो, असे माझे मत आहे.

शुद्धतेचा आकडा एचपीएलसी या, मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या तंत्रावरून काढलेला असतो. तिथला डिटेक्टर साधारणपणे २१४ ते २२० नॅनोमीटरवर, म्हणजे मुख्यतः पेप्टाइड बंधाचे शोषण पाहतो. त्यामुळे हव्या असलेल्या साखळीच्या तुलनेत अर्धवट किंवा चुकीच्या साखळ्या किती आहेत एवढेच तो सांगतो. पाणी आणि क्षार त्याला जवळजवळ दिसतच नाहीत. हे क्षार येतात ते बनवण्याच्या पद्धतीतूनच. ब्रूस मेरीफील्ड यांनी १९६३ मध्ये मांडलेल्या आणि १९८४ चे नोबेल मिळवून देणाऱ्या पद्धतीत साखळी रेझिनच्या कणांवर एकेक अमिनो आम्ल जोडत वाढवली जाते. आज रूढ असलेल्या एफमॉक प्रकारात (हे नाव अमिनो गट तात्पुरता झाकणाऱ्या रासायनिक गटाचे) ती रेझिनवरून सोडवण्यासाठी ट्रायफ्लुओरोअ‍ॅसिटिक आम्ल, म्हणजे बोलीतले टीएफए, वापरतात आणि पुढे शुद्धीकरणाच्या द्रावकातही बहुधा तेच असते. परिणामी साखळीवरच्या प्रत्येक धनभारित जागेला टीएफएचा एकेक ऋण आयन चिकटून राहतो.

ब्रॅडिकायनिनचे उदाहरण घेऊ. अवघ्या नऊ अमिनो आम्लांच्या या पेप्टाइडचा रेणुभार सुमारे १०६० आहे. त्याच्या दोन्ही टोकांना आर्जिनिन आहे. दोन आर्जिनिनच्या पार्श्वशाखा आणि सुरुवातीचा मोकळा अमिनो गट मिळून तीन धनभारित जागा होतात. टीएफएचा रेणुभार ११४ धरला तर तिघांचे मिळून ३४२ होतात, म्हणजे क्षाराचा एकूण रेणुभार १४०२. पावडर पूर्ण कोरडी असली तरी तिच्यात पेप्टाइड सुमारे ७६ टक्केच भरते. त्यात थोडे पाणी धरले की आकडा आणखी खाली येतो. लेबलवरचा १ मिलिग्रॅम आणि १०६० हा रेणुभार धरून ज्याला आपण १ मिलिमोलर स्टॉक (पुढे विरळ करायचे मूळ द्रावण) म्हणतो, तो प्रत्यक्षात पाऊण मिलिमोलरच्याही खाली असू शकतो.

यावर उपाय म्हणून २८० नॅनोमीटरवर शोषण मोजावे, तर ती सोय ट्रिप्टोफॅन किंवा टायरोसिन असलेल्या पेप्टाइडांपुरतीच आहे. ब्रॅडिकायनिनमध्ये दोन्ही नाहीत. अशा वेळी भरवशाची पद्धत म्हणजे अमिनो आम्ल विश्लेषण: ६ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात ११० अंश सेल्सिअसला सुमारे २४ तास ठेवून साखळी तोडायची आणि सुटी अमिनो आम्ले मोजायची. ते शक्य नसेल तर निदान पुरवठादाराकडून निव्वळ पेप्टाइडचे प्रमाण मागून घ्यावे आणि एका प्रयोगमालेत एकाच बॅचचा माल वापरावा. पेशींवर काम करणाऱ्यांनी टीएफएऐवजी अ‍ॅसिटेट किंवा हायड्रोक्लोराइड क्षार मागवणे बरे, कारण उरलेल्या टीएफएचा पेशींवर स्वतंत्र परिणाम होऊ शकतो.

हाताळणीचे नियम बहुतेकांना पाठ असतात, पाळले मात्र जात नाहीत. उणे २० अंशांतून काढलेली व्हायल बंदच ठेवून खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी. थंड व्हायल उघडली की हवेतली आर्द्रता आत शिरते आणि पावडर ती शोषून घेते. झाकणाला चिकटलेली पावडर खाली यावी म्हणून उघडण्यापूर्वी व्हायल सेंट्रिफ्यूजमध्ये थोडी फिरवून घ्यावी. द्रावक साखळीवरचा एकूण विद्युतभार पाहून निवडावा. पाण्यात न विरघळणाऱ्या पेप्टाइडसाठी डीएमएसओ हे सेंद्रिय द्रावक उपयोगी पडते खरे, पण साखळीत सिस्टीन किंवा मेथिओनिन असेल तर ऑक्सिडेशनचा धोका असतो. स्टॉक एकदाच बनवून लहान भागांत गोठवावा. साखळीत अ‍ॅस्पॅराजिनला लागून ग्लायसिन असेल तर द्रावण फार दिवस ठेवूच नये. तिथे डीअमिडेशन (अ‍ॅस्पॅराजिनच्या अमाइड गटाचे आम्लगटात रूपांतर) लवकर होते आणि वस्तुमानात एका डाल्टनचाच (रेणूच्या वस्तुमानाचे एकक) फरक पडत असल्याने ते चटकन लक्षात येत नाही.

एवढे करूनही नॅनोमोलर पातळीवर एक अडचण उरतेच. ब्रॅडिकायनिनसारखे धनभारित पेप्टाइड काचेच्या ऋणभारित पृष्ठभागाला चिकटते, आणि द्रावण जितके विरळ तितका चिकटून गेलेला वाटा मोठा. क्रमाक्रमाने विरळ करत गेल्यास प्रत्येक नळीत थोडे पेप्टाइड मागे राहते. परिणाम-मात्रेच्या आलेखाचा खालचा भाग त्यामुळे उगाचच अधिक उभा दिसतो. ही घट निव्वळ पेप्टाइडच्या प्रमाणाची दुरुस्ती करून भरून निघत नाही, कारण ती प्रत्येक पायरीवर वेगळी असते. कमी चिकटणाऱ्या नळ्या वापरणे आणि प्रयोगाला चालत असेल तर द्रावणात ०.१ टक्का बीएसए (गाईच्या रक्तातले अल्ब्युमिन प्रथिन) घालणे हा रूढ उपाय आहे. तो आपल्या पेप्टाइडला लागू पडतो की नाही हे पाहायचे असेल, तर तेच विरळ द्रावण एका नळीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत असे काही वेळा ओतावे आणि पहिल्या व शेवटच्या नळीतल्या द्रावणाचा प्रतिसाद एकाच प्लेटवर शेजारी शेजारी मोजावा.